गाडीच्या रिमोट चावीचा सेल उतरलाय का? बाकीचे दोष वगळून निदान कसं करायचं

गाडीजवळ उभं राहून बटण दाबावं आणि गाडी ढिम्म. दुसऱ्यांदा दाबा, तिसऱ्यांदा दाबा, मग कधीतरी इंडिकेटर लुकलुकतात. अशा वेळी बरेच जण कोपऱ्यावरच्या दुकानातून हाती लागेल तो सेल आणून बसवतात, नाहीतर चावीच गेली असं धरून थेट नव्या चावीची चौकशी करतात. नवी स्मार्ट चावी (जी खिशात असली तरी गाडी उघडते) आणि तिचं प्रोग्रॅमिंग यांत काही हजार सहज जातात. दोष कुठे आहे ते मात्र पंधरा मिनिटांत, आणि बहुतेक वेळा चावी न उघडताच कळतं. तपासण्यांचा क्रम तेवढा नीट हवा.

पुढे 'सेल' म्हटलं की चावीतला नाण्यासारखा चपटा सेल आणि 'बॅटरी' म्हटलं की बॉनेटखालची १२ व्होल्टची बॅटरी, असं समजा. या दोन्हींची गल्लत झाल्यामुळेच निम्मी निदानं चुकतात.

चावी एकाच वेळी तीन कामं करते

पहिलं काम बटणाचं. लॉक किंवा अनलॉक दाबलं की चावीतला छोटा ट्रान्समीटर संदेश पाठवतो. भारतातल्या बहुतेक गाड्यांत तो ४३३.९२ मेगाहर्ट्झवर जातो. प्रत्येक दाबण्याला कोड बदलतो, म्हणजे जुना संदेश कुणी पकडून ठेवला तरी तो पुन्हा चालत नाही. या कामाला सेल लागतो.

दुसरं काम फक्त स्मार्ट चावीत असतं. तुम्ही दाराच्या हँडलला हात लावता किंवा त्यावरचं काळं बटण दाबता, तेव्हा गाडी आपल्या अँटेनातून साधारण १२५ किलोहर्ट्झचा हाकारा देते. तो जेमतेम मीटरभर पोचतो. चावी तो ऐकते, जागी होते आणि आपल्या नेहमीच्या ट्रान्समीटरवरून उत्तर देते. म्हणजे चावीचा कान चोवीस तास उघडा असतो आणि त्यासाठी सेल अखंड थोडा थोडा झिजत राहतो. सीआर २०३२ सेलची क्षमता साधारण २२० मिलीअँपिअर-तास असते. तो दोन वर्षं पुरवायचा तर सरासरी खर्च १२-१३ मायक्रोअँपिअरच्या आत राहायला हवा. बटण दिवसाला किती वेळा दाबता याला स्मार्ट चावीत फारसं महत्त्व नाही, ते यामुळेच.

तिसरं काम इमोबिलायझरच्या, म्हणजे ओळखीची चावी नसेल तर गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, चिपचं. या चिपला सेल लागतच नाही. स्टार्ट बटणाभोवतीची किंवा इग्निशनच्या कुलपाभोवतीची कॉइल तिला जवळूनच ऊर्जा पुरवते आणि चिप आपली ओळख सांगते. अंतर फक्त दोन-तीन सेंटिमीटर.

सगळं निदान या तीन कामांवर उभं आहे. सेल उतरला की पहिली दोन कामं एकदम लंगडी होतात आणि तिसरं ठणठणीत राहतं. यापेक्षा वेगळं चित्र दिसलं तर सेलवर संशय घेण्याआधी दुसरीकडे बघा.

सेल उतरत असल्याच्या खुणा

अंतर कमी होणं ही सगळ्यांत भरवशाची खूण. आधी पार्किंगच्या टोकावरून, पंधरा-वीस मीटरवरून गाडी उघडायची. आता दाराशी आल्याशिवाय उघडत नाही. हे एका रात्रीत होत नाही, काही आठवडे चालतं. काल सगळं ठीक होतं आणि आज चावी पूर्ण बंद, असं झालं तर चावी पडली, भिजली किंवा गाडीची बॅटरी बसली, या शक्यता आधी धरा.

दुसरी खूण बारीक आहे, पण फार उपयोगाची. पहिल्या दाबण्याला गाडी ऐकते, लगेच पुढच्या दोन-तीन वेळा ऐकत नाही, आणि पाच-दहा मिनिटं थांबून दाबलं की पुन्हा ऐकते. दमलेला सेल विश्रांती मिळाली की थोडा सावरतो, म्हणून असं होतं. तिसरी खूण थंडीतली. महाबळेश्वरला किंवा नाशिककडच्या डिसेंबरच्या पहाटे चावी चालत नाही, पण खिशात थोडी गरम झाली की चालते. थंडीत सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला आतूनच होणारा अडथळा, वाढतो. नव्या सेलला तो फरक पचतो, जुन्याला पचत नाही.

काही गाड्यांत डॅशबोर्डवर चावीचा सेल कमी झाल्याचा संदेश किंवा चावीचं चिन्ह येतं. तो संदेश आला तर दुर्लक्ष करू नका. पण तो आला नाही म्हणून सेल चांगला आहे, असंही समजू नका.

चावीवरचा लाल दिवा लागतो म्हणजे सेल ठीक आहे, हा समज मात्र सोडून द्या. लाल एलईडीला १.८ व्होल्टच्या आसपास पुरतात. ट्रान्समीटरला नीट ताकदीने बोलायला त्याहून जास्त लागतात. दिवा पेटतो आणि गाडी ऐकत नाही, हे उतरत्या सेलचं नेहमीचं चित्र आहे. दिवा अजिबातच पेटत नसेल तर ते सेल संपल्याचं किंवा संपर्क तुटल्याचं लक्षण.

मोबाइलच्या कॅमेऱ्यातून चावीकडे बघायची युक्तीही बरीच फिरते. ती टीव्हीच्या रिमोटसारख्या इन्फ्रारेड चाव्यांना लागू आहे. जुन्या मर्सिडीजच्या काही चाव्या तशा होत्या. आजच्या चाव्या रेडिओवर चालतात आणि रेडिओ कॅमेऱ्याला दिसत नाही. कॅमेऱ्यात काही दिसलं नाही म्हणून चावी मेली असा निष्कर्ष काढू नका.

चावी न उघडता करायच्या तपासण्या

१. आधी गाडीची बॅटरी वगळा. आतला दिवा मंद आहे का? स्टार्ट बटण दाबल्यावर नुसतं टकटक वाजतं का? दारावरच्या स्विचनेही सेंट्रल लॉक फिरत नाही का? गाडी तीन-चार आठवडे उभी होती का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर चावी बाजूला ठेवा आणि बॅटरी बघा. चावी कितीही जोरात बोलली तरी ऐकणारा रिसीव्हर गाडीच्या बॅटरीवर चालतो.

२. दुसरी चावी घ्या. गाडीपासून दहा पावलांवर, एकाच जागी उभं राहून दोन्ही चाव्या पाच-पाच वेळा दाबा आणि किती वेळा गाडीने ऐकलं ते मोजा. एक चावी पाचाला पाच आणि दुसरी पाचाला एक, तर दोष त्या दुसऱ्या चावीतच आहे. दोन्ही नापास झाल्या तर संशय गाडीवर किंवा जागेवर जातो. इथे एक खाच आहे: स्मार्ट चावी कपाटात पडून असली तरी तिचा कान उघडाच असतो. गाडी घेतल्यापासून दोन्ही चाव्यांचे सेल कधीच बदलले नसतील, तर दोन्ही जवळपास एकाच सुमारास उतरू शकतात. म्हणून दोन्ही नापास झाल्या तरी पुढची पायरी करा.

३. जागा बदला. चावीच्याच रेडिओ लहरीवर वायरलेस डोअरबेल, गेटचे रिमोट, अलार्म अशी बरीच उपकरणं बोलत असतात. एखादं उपकरण अडकून सतत बोलत राहिलं तर आजूबाजूच्या सगळ्या गाड्यांच्या चाव्या बहिऱ्या झाल्यासारख्या वागतात. शेजाऱ्याला विचारा, त्याचीही चावी त्याच जागी रुसते का. गाडी शंभरेक मीटर पुढे नेऊन पुन्हा दाबा. तिथे चालली तर सेल निर्दोष.

४. चावी मोबाइलपासून वेगळी करा. स्मार्ट चावी आणि फोन एकाच खिशात किंवा पर्सच्या एकाच कप्प्यात असले की गाडीचा हाकारा चावीपर्यंत नीट पोचत नाही आणि 'चावी सापडली नाही' असा संदेश येतो. चावी हातात धरून पुन्हा बघा.

५. बटण आणि स्पर्श यांची तुलना करा. ही तपासणी फार थोडे जण करतात, पण ती सगळ्यांत बोलकी आहे. हँडलला हात लावून गाडी उघडते पण बटणाने उघडत नाही, तर सेल आणि ट्रान्समीटर दोन्ही चांगले आहेत. बटणाखालचा स्विच झिजला आहे. लॉक चालतं आणि अनलॉक चालत नाही, तरी तेच. उलट बटणाने लांबूनही उघडते पण स्पर्शाने नाही, तर हँडलमधला सेन्सर, गाडीची अँटेना किंवा चावीची बचत-अवस्था यांकडे बघा. काही टोयोटा चाव्यांत लॉक दाबून धरून अनलॉक दोनदा दाबलं की दिवा चार वेळा लुकलुकतो आणि चावीचा कान बंद होतो. मुलांच्या हातून हे नकळत होऊ शकतं. कोणतंही बटण दाबलं की चावी पुन्हा जागी होते.

६. एकच दार उघडत नसेल आणि बाकीची उघडत असतील तर चावीचा काही संबंध नाही. त्या दारातली लॉकची मोटर बघायची.

७. शेवटची तपासणी, जी अडचणीत सुटकेचा मार्गही आहे. चावीच्या बाजूची छोटी कळ सरकवून आतली धातूची चावी ओढा आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. काही गाड्यांत किल्लीचं भोक हँडलवरच्या प्लास्टिकच्या टोपीखाली लपलेलं असतं. दार असं उघडल्यावर अलार्म वाजू शकतो. घाबरू नका, गाडी सुरू झाली की तो थांबतो. आता ब्रेक दाबून चावी स्टार्ट बटणाला टेकवा. ह्युंदाईच्या अनेक गाड्यांत चावीनेच स्टार्ट बटण दाबायचं असतं. टोयोटात चावीची लोगोची बाजू बटणाला टेकवायची, आवाज आला की बटण दाबायचं. काही गाड्यांत चावी ठेवायची जागा कन्सोलमध्ये किंवा स्टिअरिंगच्या खांबाजवळ असते. ती पुस्तिकेत दाखवलेली असते आणि गाडी बंद पडण्याआधीच बघून ठेवलेली बरी.

चावी टेकवल्यावर गाडी सुरू झाली तर इमोबिलायझर चिप शाबूत आहे. बटण आणि स्पर्श दोन्ही कमजोर असतील तर दोष सेलचाच असण्याची शक्यता दाट झाली. टेकवूनही गाडी चावी ओळखत नसेल तर नुसता सेल बदलून गाडी सुरू होईल अशी आशा धरू नका.

मल्टिमीटरने सेल मोजताना

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल तार सेलच्या सपाट, अक्षरं कोरलेल्या बाजूला, म्हणजे अधिक टोकाला. काळी तार दुसऱ्या बाजूला. नव्या सेलवर ३.० ते ३.३ व्होल्ट दिसतील. २.८ च्या खाली असेल तर विचार न करता बदला.

घोळ होतो तो मधल्या आकड्यांवर. या लिथियम सेलचा दाब, म्हणजे व्होल्टेज, आयुष्यभर जवळपास सपाट राहतो आणि अगदी शेवटी कोसळतो. २.९५ व्होल्ट दाखवणारा सेल अर्धा भरलेला असेल किंवा शेवटच्या घटका मोजत असेल. नुसत्या मोजणीतून ते कळत नाही. मल्टिमीटर सेलकडून जवळजवळ काहीच विद्युतप्रवाह घेत नाही. चावी मात्र संदेश पाठवताना क्षणभर १० ते १५ मिलीअँपिअर ओढते. म्हणून सेलला कामाला लावून मोजायला हवं.

त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून २२० ओहमचा, पाव वॅटचा रेझिस्टर आणा; एक-दोन रुपयांची वस्तू आहे. त्याची दोन टोकं सेलच्या दोन बाजूंना टेकवा, सोबत मीटरच्या तारा धरा आणि तीन ते पाच सेकंद आकडा बघा. चांगल्या सेलचा आकडा २.८ च्या वर स्थिर राहतो. २.६ किंवा त्याखाली आला, किंवा बघता बघता घसरत राहिला, तर सेल बाद. नव्या सेलचा अंतर्गत रोध १०-२० ओहमच्या घरात असतो, थकलेल्याचा त्याच्या कितीतरी पट होतो. त्या वाढलेल्या रोधातच दाब खर्च होतो आणि चावीच्या वाट्याला कमी येतो.

रेझिस्टर नसेल तर झाकण उघडून, सेल जागेवर ठेवून त्याच्या दोन टोकांवर मीटर लावा आणि बटण दाबा. आकडा ०.३ व्होल्टपेक्षा जास्त खाली गेला तर सेल बदला. साधा मीटर सेकंदाला दोन-तीन वेळाच आकडा बदलतो, संदेशाचे ठोके त्याहून छोटे असतात. म्हणजे खरी घसरण दिसते त्यापेक्षा जास्तच असते.

सेल बदलताना

नंबर जुन्या सेलवरच असतो, तोच आणायचा. नावातच माप आहे: सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर २०२५ ची जाडी २.५. दोन्ही ३ व्होल्टचे आणि सारख्याच व्यासाचे, त्यामुळे दुकानदार 'चालतंय की' म्हणून एकाच्या जागी दुसरा देतो. पण ०.७ मिलिमीटरच्या फरकाने सेल सैल बसतो, गाडी खड्ड्यातून गेली की संपर्क तुटतो, आणि क्षमताही कमी मिळते. ती जागा भरायला फॉइलची घडी घालू नका. दोन सीआर २०१६ एकावर एक ठेवले तर जाडी बरोबर ३.२ होते, पण दाब ६ व्होल्ट होतो आणि चावी जळू शकते. एलआयआर २०३२ हा चार्ज होणारा सेल दिसायला हुबेहूब तसाच असतो. पूर्ण भरल्यावर त्याचा दाब ४.२ व्होल्टपर्यंत जातो. तोही नको. काही बीएमडब्ल्यू चाव्यांत जाडजूड सीआर २४५० असतो, तर त्यांच्याच जुन्या काही चाव्यांत व्हीएल २०२० हा चार्ज होणारा सेल सोल्डर केलेला असतो. तिथे साधा सेल चालत नाही, जाणकार चावीवाल्याकडेच जा.

सुट्टा सेल घेऊ नका. बंद पाकिटातला, उत्पादनाची किंवा वापरण्याची तारीख असलेला घ्या. एखाद्या डब्यात सुटे सेल एकमेकांना घासत पडलेले असतील तर ते दुकानातच अर्धे उतरलेले असतात.

आता उघडणं. धातूची चावी काढली की त्या खाचेत बहुधा एक छोटी फट दिसते. सपाट स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळा, फटीत घाला आणि उपसण्याऐवजी हलकेच पिळा. कडा 'टक' करून सुटते. जोर लावावा लागत असेल तर जागा चुकली आहे, आतली सर्किटची पट्टी मोडू शकते. सेल काढण्याआधी त्याची वरची बाजू कोणती आहे याचा फोटो काढा. काही चाव्यांत अधिक बाजू वर असते, काहींत खाली. सेल प्लास्टिकच्या टोकाने उचला. धातूने दोन्ही टोकं एकदम जोडली गेली तर शॉर्ट होतो.

संपर्काच्या पत्र्या बघा. पांढरट किंवा हिरवट थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा आणि वाळू द्या. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या दमट हवेने हा थर लवकर चढतो. तिथे कित्येकदा सेल चांगलाच असतो, पत्रीच गंजलेली असते. पत्री चपटी झाली असेल तर प्लास्टिकच्या टोकाने अगदी किंचित वर उचला. नवा सेल कडेने धरा, घामट बोटांचे ठसे दोन्ही बाजूंना उठू देऊ नका. काही कंपन्यांच्या सेलवर मुलांनी तोंडात घालू नये म्हणून कडू लेप असतो आणि काही उपकरणांत तो संपर्कात आड येतो. शंका वाटली तर अल्कोहोलने पुसा.

झाकण लावण्याआधी बटण दाबून बघा. दिवा पेटला आणि गाडीने ऐकलं की मगच झाकण दाबा, कडेचं रबर आपल्या खाचेत बसलंय ना तेही बघा. पावसाळ्यात ते रबरच चावी वाचवतं. सेल काढल्याने चावीची नोंद पुसली जाईल ही भीती सहसा निराधार असते. ओळख अशा स्मृतीत असते जिला वीज लागत नाही.

नवा सेल घालूनही चालत नसेल तर

आधी सेल उलटा तर बसला नाही ना, ते बघा. मग तो नवा सेलच रेझिस्टर लावून मोजा. नवा म्हणून आणलेला जुना निघणं अगदी नेहमीचं. तोही चांगला निघाला तर गाडीजवळ उभं राहून तेच बटण सलग दोन-तीन वेळा दाबा. चावी गाडीपासून लांब असताना पुष्कळ वेळा दाबली गेली असेल, उदाहरणार्थ मुलांच्या खेळात, तर बदलता कोड गाडीच्या अपेक्षेपेक्षा खूप पुढे गेलेला असतो. अनेक गाड्यांत लागोपाठचे दोन कोड ऐकले की गाडी पुन्हा जुळवून घेते. काहींत इग्निशन चालू करून बटण दाबावं लागतं. त्याची पद्धत पुस्तिकेत असते.

तरीही नाही, तर सेलच्या पत्रीचा सोल्डर सुटला आहे का बघा. चावी पडल्यावर हे हमखास होतं: चावी दाबून धरली की चालते, सोडली की बंद. चांगल्या चावीवाल्याकडे रिमोट तपासायचं छोटं यंत्र असतं, त्यावर चावी बोलते का आणि कोणत्या लहरीवर ते लगेच दिसतं. नवी चावी मागवण्याआधी ही तपासणी जरूर करून घ्या. झिजलेला स्विच किंवा सुटलेला सोल्डर थोडक्या खर्चात दुरुस्त होतो.

चावी भिजली असेल तर पहिलं काम सेल काढणं. ओलाव्यातून प्रवाह वाहत राहिला की सर्किटवरच्या तांब्याच्या बारीक रेषा खाल्ल्या जातात. सर्किट अल्कोहोलने पुसा आणि चोवीस तास उघडं वाळवा. तांदळाच्या डब्यात ठेवून उपयोग नाही, हेअर ड्रायरच्या झोताने प्लास्टिक वाकतं.

सेल जास्त टिकावा म्हणून

स्मार्ट चावीचा सेल साधारण एक ते दोन वर्षं चालतो. तो सहा महिन्यांतच उतरत असेल तर चावी रात्री कुठे ठेवता ते बघा. गाडी दारात आणि चावी भिंतीपलीकडच्या खुंटीला, अगदी मीटर-दोन मीटरवर, असं असेल तर चावी गाडीचा हाकारा ऐकून पुन्हा पुन्हा जागी होऊ शकते. टीव्ही, संगणक, चार्जर, इंडक्शन शेगडी यांच्या शेजारीही ती ठेवू नका. जागा बदलूनही सेल उतरतच असेल तर एखादं बटण आत अडकून दाबलेलं राहिलं आहे का तपासा.

काढलेला सेल लहान मुलाच्या हाती लागू देऊ नका. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर जखम करतो, आणि उतरलेला सेलही तेवढाच घातक असतो. तसा नुसता संशय आला तरी उलटी काढायचा प्रयत्न न करता लगेच एक्स-रेची सोय असलेलं रुग्णालय गाठा. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि तो ई-कचरा संकलनात द्या; २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार असे सेल घरच्या कचऱ्यात टाकायचे नसतात. नवा सेल बसवला की झाकणाच्या आत कागदाच्या चिकटपट्टीवर महिना आणि वर्ष लिहा, आणि कपाटातल्या दुसऱ्या चावीचा सेलही त्याच दिवशी मोजून घ्या.